आवृत्तिनियंत्रण, संगणकीय

संगणकाची आज्ञावली, यंत्रांचे आराखडे, ग्रंथांच्या संहिता इ. वरचेवर बदलणाऱ्या लेखनाच्या प्रत्येक अवस्थेची क्रमवार नोंद ठेवणे, कोणता बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला हे त्या नोंदीत दाखविणे आणि पूर्वीची कोणतीही अवस्था हवी तेव्हा जशीच्या तशी परत मिळविणे, या कार्यपद्धतीस आवृत्तिनियंत्रण असे म्हणतात. व्यवसायात ‘व्हर्जन कंट्रोल’ हे नाव अधिक रूढ आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या शिक्षणात संगणकभाषेच्या खालोखाल या विषयाचे महत्त्व मानले जाते. तथापि तो केवळ काही आज्ञा पाठ करण्याचा विषय नसून बदलाची नोंद बदलाच्या वेळीच करण्याची शिस्त अंगी बाणविण्याचा विषय आहे.

गरज : लहानशी आज्ञावली एकट्याने लिहिणाऱ्यासही जुनी प्रत राखून ठेवण्याची गरज भासते. त्यासाठी मूळ फाइलीची नक्कल करून तिला ‘जुनी’, ‘नवी’, ‘अंतिम’, ‘अंतिम २’ अशी नावे देण्याची प्रथा सर्वत्र आढळते. तीत तीन दोष आहेत. दोन प्रतींत नेमका फरक काय, हे नावावरून कळत नाही. फरक शोधून काढला, तरी त्याचे कारण कळत नाही. आणि दोन व्यक्तींनी एकाच प्रतीवरून वेगवेगळे बदल केल्यास ते एकत्र आणण्याची खात्रीची रीत उरत नाही. आज्ञावली हजारो ओळींची व तिचे लेखक अनेक असले की, या दोषांची परिणती काम वाया जाण्यात किंवा दुरुस्त केलेला दोष पुन्हा शिरण्यात होते.

पूर्वपीठिका : हा प्रश्न संगणकाबरोबर उद्भवलेला नाही. हस्तलिखितांच्या काळात प्रत्येक नक्कल ही नवी आवृत्तीच असे. परंतु नक्कल करणारा आपण काय बदलले याची नोंद सहसा ठेवीत नसे. ज्ञानेश्वरी (१२९०) हे मराठीतील याचे ठळक उदाहरण होय. सु. तीनशे वर्षांच्या प्रतिलेखनात तीत पाठभेद शिरले. शके १५०६ (१५८४) मध्ये एकनाथांनी प्रती ताडून तिची संहिता शुद्ध केली आणि पुढे कोणीही आपल्या ओव्या तीत घालू नयेत, असे बजावले. एकाधिकृत संहिता ठरविणे व तीत अनधिकृत बदल होऊ न देणे, ही आवृत्तिनियंत्रणाची दोन अंगे येथे दिसतात. तिसरे अंग, म्हणजे कोणता पाठ कशाच्या जागी व कोणत्या आधारे स्वीकारला याची नोंद, मात्र वाचकाला उपलब्ध नाही. यामुळेच १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हा मूळ पाठाचा वाद नव्याने उभा राहिला.

न ठेवलेली नोंद मागाहून तयार करण्यास किती श्रम पडतात, हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवरून दिसते. या कार्यास १९१९ मध्ये प्रारंभ झाला. १९२५ पासून वि. सी. सुखटणकर हे त्याचे प्रमुख संपादक होते व त्यांच्या निधनानंतर (१९४३) श्री. कृ. बेलवलकर व प. ल. वैद्य यांनी ते पुढे चालविले. एकूण १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली आणि १९६६ मध्ये मूळ संहितेचे काम पूर्णत्वास गेले. पाठभेदांच्या साम्यावरून हस्तलिखितांचे गट पाडून त्यांचा वंशवृक्ष ठरविणे आणि त्या वृक्षाच्या आधारे त्यांच्या समान पूर्वजाचा पाठ अनुमानाने सिद्ध करणे, ही त्यामागील पद्धती होती. स्वीकारलेल्या पाठाखाली इतर पाठभेद दिलेले असल्याने संपादकाचा निर्णय अभ्यासकास तपासून पाहता येतो. संगणकीय आवृत्तिनियंत्रणातही असाच वंशवृक्ष असतो. फरक एवढाच की, येथे तो अनुमानाने रचावा लागत नाही, प्रत्येक बदलाबरोबर आपोआप वाढत जातो. संपादकांच्या दोन पिढ्यांना जे श्रमाने शोधावे लागले, ते वेळीच नोंदविले तर क्षणात हाती येते [→ महाभारत].

इतिहास : संगणकीय आवृत्तिनियंत्रणाची पहिली महत्त्वाची प्रणाली मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केली. ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’ या तिच्या नावावरून ती ‘एससीसीएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. दोन फाइलींमधील भिन्न ओळी शोधून काढणारी ‘डिफ’ ही आज्ञावली त्याच प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय व जेम्स हंट यांच्या कामातून त्याच दशकात सिद्ध झाली. पुढील सर्व प्रणालींचा ती पाया ठरली. १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिखी यांनी ‘आरसीएस’ ही प्रणाली रचली. तीत सर्वांत अलीकडील आवृत्ती पूर्ण साठविलेली असे व मागील आवृत्त्यांसाठी केवळ उलट दिशेचे फरक ठेवीत. त्यामुळे नेहमी लागणारी प्रत त्वरित मिळे. या प्रणालीच्या नेहमीच्या वापरात फाइल बदलू इच्छिणाऱ्याने ती आपल्या नावे कुलूपबंद करावयाची, म्हणजे इतरांना तीत बदल करता येत नसे. ही रीत सुरक्षित होती; पण कुलूप लावणारा रजेवर गेला की, इतरांचे काम अडून पडे.

ॲम्स्टरडॅम येथील डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘सीव्हीएस’ प्रणालीत ही अट शिथिल झाली. प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी, बदल करावेत व शेवटी ते एकत्र करावेत, ही पद्धत तिने रूढ केली. ‘सबव्हर्जन’ (पहिली स्थिर आवृत्ती २००४) हिने अनेक फाइलींमधील बदल एकाच अखंड नोंदीत घेण्याची सोय केली. नोंद पूर्ण तरी होते किंवा मुळीच होत नाही. या प्रणालींत संपूर्ण इतिहास एका मध्यवर्ती संगणकावर असे. २००५ मध्ये लिनक्स या कार्यकारी प्रणालीच्या विकसकांना तोवर विनामूल्य मिळणारी ‘बिटकीपर’ ही प्रणाली वापरणे बंद करावे लागले. त्यावर लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘गिट’ ही नवी प्रणाली लिहावयास घेतली व काही दिवसांतच तिचा स्वतःचा इतिहास तिच्यातच नोंदला जाऊ लागला. जुलै २००५ पासून तिची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे. त्याच वर्षी मॅट मॅकॉल यांनी ‘मर्क्युरिअल’ ही तत्सम प्रणाली तयार केली. या दोन्ही प्रणाली विकेंद्रित आहेत. म्हणजे प्रत्येक विकसकाजवळ केवळ चालू प्रत नव्हे, तर सर्व इतिहास असतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘गिटहब’ या सामायिक भांडारामुळे गिटचा प्रसार झपाट्याने झाला. भारतात २०२० मध्ये आरोग्य सेतू या शासकीय उपयोजनाचा मूळ संकेत तेथेच लोकांसाठी खुला करण्यात आला.

कार्यपद्धती : ज्या ठिकाणी सर्व आवृत्त्या व त्यांच्या नोंदी साठविल्या जातात, त्यास भांडार म्हणतात. विकसक आपल्या कामाच्या फाइलींत बदल करतो, त्यांपैकी कोणते बदल नोंदवावयाचे ते निवडतो आणि एक लहानसा संदेश लिहून ते भांडारात नोंदवितो. या नोंदीस ‘कमिट’ म्हणतात. तीत फाइलींची त्या क्षणीची स्थिती, नोंद करणाऱ्याचे नाव, वेळ, संदेश आणि आधीच्या नोंदीचा निर्देश एवढ्या गोष्टी असतात. प्रत्येक नोंद आपल्या पूर्वजाकडे बोट दाखवीत असल्याने नोंदींची साखळी तयार होते.

गिटमध्ये नोंदीची ओळख तिच्या आशयावरून गणिताने काढलेल्या अंकमुद्रेने ठरते. मूळ रचनेत ही मुद्रा १६० द्विमान अंकांची असून ती ४० चिन्हांत लिहितात. आशयात एका अक्षराचा फरक पडला, तरी मुद्रा बदलते. आणि पूर्वजाची मुद्रा वंशजाच्या आशयाचाच भाग असल्याने जुन्या नोंदीत फेरफार केल्यास पुढील सर्व मुद्रा बदलतात. त्यामुळे इतिहासात गुपचूप ढवळाढवळ करणे अवघड होते. या मुद्रेसाठी वापरलेली गणिती पद्धत पूर्णतः अभेद्य नाही, हे २०१७ मध्ये दोन भिन्न फाइलींची एकच मुद्रा काढून दाखविली गेली तेव्हा सिद्ध झाले. त्यानंतर गिटमध्ये २५६ अंकांच्या मुद्रेची सोय करण्यात आली.

मुख्य साखळीस धक्का न लावता नवा प्रयोग करावयाचा असल्यास तिला फाटा काढतात. त्यास शाखा म्हणतात. शाखेवरील काम पूर्ण झाले की, ते मुख्य साखळीत मिळवितात. या विलीनीकरणात तीन प्रतींची तुलना होते : दोन शाखांची टोके आणि त्यांचा निकटतम समान पूर्वज. पूर्वजाशी ताडून पाहता एखादा भाग एकाच शाखेत बदललेला असेल, तर तो बदल स्वीकारला जातो. तोच भाग दोन्ही शाखांत वेगवेगळ्या रीतीने बदललेला असेल, तर प्रणाली निर्णय करीत नाही. दोन्ही पाठ विकसकापुढे मांडते. या स्थितीस संघर्ष म्हणतात. नवशिक्यास तो प्रणालीचा बिघाड वाटतो. वस्तुतः दोन माणसांच्या हेतूंत भेद आहे व तो माणसांनीच सोडवावयाचा आहे, एवढीच ती सूचना असते.

याहून अधिक धोका न दिसणाऱ्या संघर्षाचा असतो. समजा, एका वीजकेंद्रातील ६६० मेवॉ.च्या तीन संचांची दैनिक निर्मिती मोजून भारांक काढणारी आज्ञावली दोघे मिळून लिहीत आहेत. चोवीस तासांतील कमाल निर्मिती ४७,५२० मेवॉ. तास होते. प्रत्यक्ष निर्मिती ३८,०१६ मेवॉ. तास असल्यास भारांक ८० टक्के येईल. आता एकाने बेरजेच्या फाइलीत बदल करून उत्तर लाख युनिटांत देण्याची व्यवस्था केली, म्हणजे तेथून ३८०·१६ हा आकडा येऊ लागला. दुसऱ्याने त्याच वेळी दुसऱ्या फाइलीत ती बेरीज मेवॉ. तासांत आहे असे धरून भारांकाचे सूत्र लिहिले. दोन्ही बदल वेगवेगळ्या फाइलींत असल्याने विलीनीकरण निर्वेध होते. परंतु भारांक ८० ऐवजी ०·८ टक्के येतो. प्रणाली ओळींची तुलना करते, अर्थाची नाही. म्हणून विलीनीकरणानंतर आज्ञावली चाचण्यांनी तपासणे व एकाचे बदल दुसऱ्याने वाचणे, ही दोन्ही कामे आवृत्तिनियंत्रणाची आवश्यक पूरक अंगे होत.

दोष केव्हा शिरला हे शोधण्यासाठी इतिहासाचा मोठा उपयोग होतो. हजार नोंदींपैकी पहिली निर्दोष व शेवटची सदोष असल्यास मधली नोंद तपासावी. ती सदोष निघाल्यास पहिल्या अर्ध्यात, नाही तर दुसऱ्या अर्ध्यात शोध घ्यावा. दर वेळी क्षेत्र निम्मे होत असल्याने सु. दहा चाचण्यांत दोषाची मूळ नोंद सापडते. मात्र ती नोंद लहान असेल, तरच हे श्रम फळास येतात. एकाच नोंदीत चाळीस फाइलींतील असंबद्ध बदल असतील, तर शोध तेथेच थांबतो.

शिक्षण : पाठ्यपुस्तकात आज्ञावली तिच्या अंतिम रूपात छापलेली असते, ती कोणकोणत्या चुकांतून व दुरुस्त्यांतून तशी झाली, हे विद्यार्थ्यास दिसत नाही. परीक्षेतही अंतिम उत्तरालाच गुण असतात. व्यवसायात मात्र बहुतेक वेळ दुसऱ्याने लिहिलेले व आधीच अनेकदा बदललेले लेखन समजून घेण्यात जातो. या दोहोंतील अंतर आवृत्तिनियंत्रणाच्या अभ्यासाने पुष्कळसे भरून येते.

शिक्षणाचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असावा. प्रथम विद्यार्थ्याने एकट्याच्या लहान कामाचे भांडार करून दररोज अनेक लहान नोंदी कराव्यात व प्रत्येक नोंदीपूर्वी आपण नेमके काय बदलले, ते ‘डिफ’च्या साहाय्याने वाचावे. दुसऱ्या टप्प्यात मुद्दाम एखादी फाइल बिघडवून वा पुसून ती परत मिळवावी. गेलेले परत आणता येते याचा अनुभव आल्याशिवाय बदल करण्याची भीती जात नाही. तिसऱ्या टप्प्यात शाखा काढून त्या मिळवाव्यात आणि एकाच ओळीत दोन शाखांवर भिन्न बदल करून संघर्ष सोडविण्याचा सराव करावा. शेवटी सामायिक भांडारावर इतरांबरोबर काम करावे. नोंदींचा वंशवृक्ष कागदावर काढून पाहण्याची सवय आरंभापासून असल्यास आज्ञांची नावे पुढे फारशी अडचण करीत नाहीत. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात गिटवरील पाठमाला आहे.

नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या चुका ठराविक स्वरूपाच्या असतात. ‘बदल केले’ किंवा ‘दुरुस्ती’ असा संदेश लिहिणे ही त्यांतील सर्वांत सामान्य चूक होय. काय बदलले ते प्रणाली दाखवितेच. का बदलले, हे केवळ लिहिणारा सांगू शकतो. परवलीचे शब्द व गुप्त कळा भांडारात नोंदविणे ही दुसरी व घातक चूक होय. फाइल नंतर पुसली, तरी ती इतिहासात राहते. म्हणून असा शब्द उघड झाला असे समजून तो तत्काळ बदलणे हाच उपाय असतो. इतरांनी घेतलेला सामायिक इतिहास जबरदस्तीने नव्याने लिहिणे ही तिसरी चूक. तीमुळे सहकाऱ्यांचे काम निराधार होते. तसेच एकाच चकतीवर ठेवलेले भांडार म्हणजे सुरक्षित साठा नव्हे. चकती निकामी झाल्यास इतिहासही जातो.

औद्योगिक उपयोग : आवृत्तिनियंत्रणाचे तत्त्व आज्ञावलीपुरते मर्यादित नाही. नागपूरच्या उत्तरेस कामठी तालुक्यात असलेल्या कोराडी येथील औष्णिक विद्युत् केंद्रात १९७४ पासून वीजनिर्मिती होत आहे आणि २०१५–१७ या काळात तेथे प्रत्येकी ६६० मेवॉ. क्षमतेचे तीन संच कार्यान्वित झाले. हे संच अतिक्रांतिक प्रकारचे आहेत, म्हणजे त्यांतील वाफेचा दाब पाण्याच्या क्रांतिक दाबाहून (सु. २२१ बार) अधिक असतो. अशा संचाच्या उभारणीतील प्रत्येक आराखड्यावर सुधारणा-क्रमांक घालण्याची अभियांत्रिकीतील प्रथा संगणकापूर्वीची आहे. प्रत्यक्ष बांधणी आराखड्याहून वेगळी झाल्यास ‘जसे बांधले तसे’ आराखडे पुन्हा काढतात. ते न काढल्यास पुढे दुरुस्तीस आलेला तंत्रज्ञ कागदावर असलेली परंतु जागेवर नसलेली झडप शोधीत बसतो.

आधुनिक संचाचे नियंत्रण संगणकांमार्फत होते. ज्वालक पेटविण्याचा क्रम, इंधन तोडण्याच्या अटी, तापमान व कंपन यांच्या मर्यादा या सर्व गोष्टी आज्ञावलीच्या स्वरूपात असतात. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या टरबाइनाच्या धारव्यातील कंपनाची मर्यादा चाचणीपुरती काही तास वाढविली व ती पूर्ववत् करण्याचे राहून गेले, अशी कल्पना करावी. नोंद नसल्यास पुढील पाळीच्या अभियंत्यास केवळ एक आकडा दिसतो. तो विचारपूर्वक ठरविलेला आहे की विसरून राहिलेला आहे, हे त्या आकड्यावरून कळण्याचा मार्ग नसतो. नोंदीत कारण, मुदत व जबाबदार व्यक्ती असल्यास हा प्रश्न उद्‌भवत नाही.

तथापि आज्ञावलीलेखनातील रीत अशा ठिकाणी जशीच्या तशी लागू पडत नाही. पुष्कळ नियंत्रणप्रणालींत तर्क आकृत्यांच्या रूपात लिहिलेला असतो. त्यामुळे ओळीओळींची तुलना निरुपयोगी ठरते व आकृत्यांची तुलना करणारी वेगळी साधने लागतात. दुसरा भेद अधिक मूलभूत आहे. आज्ञावलीची जुनी आवृत्ती क्षणात परत आणता येते, परंतु यंत्र मागील अवस्थेत जात नाही : झडप उघडलेली असते, धातू तापलेला असतो, संच बंद पडलेला असतो. म्हणून येथे बदलानंतरच्या नोंदीइतकीच बदलापूर्वीची लेखी अनुमती व सदृशित्रावरील चाचणी आवश्यक ठरते. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी शिकलेला विकसक अशा उद्योगात आल्यास त्याला हा भेद प्रथम समजून घ्यावा लागतो.

मर्यादा : छायाचित्रे, ध्वनिफिती यांसारख्या मोठ्या व ओळींत न मोडणाऱ्या फाइलींची तुलना व विलीनीकरण या प्रणालींत नीट होत नाही आणि त्यांच्या प्रत्येक आवृत्तीने भांडार फुगत जाते. आपोआप तयार होणाऱ्या फाइलींचीही भांडारात भर घालू नये. त्या मूळ लेखनावरून केव्हाही पुन्हा करता येतात. प्रणाली विश्वासूपणे साठविते ते तिच्यात घातलेलेच. न लिहिलेले कारण, तोंडी झालेला निर्णय किंवा नोंद न करता केलेला बदल तिला परत आणता येत नाही. मराठी विकिपीडिया (२००३ पासून) या मुक्त ज्ञानकोशातही प्रत्येक लेखाचा संपूर्ण इतिहास व संपादकाने लिहिलेला बदलाचा सारांश पाहता येतो. मात्र सारांशाची चौकट रिकामी सोडली असल्यास बदल कळतो, हेतू कळत नाही. आवृत्तिनियंत्रणाची उपयुक्तता अशा प्रकारे अखेर नोंद करणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असते.